हॉटेलातलं सॅलड ड्रेसिंग घरी जमवायचं, तर...

“सगळे जिन्नस आणले, कृती पाहून केलं, पण ‘ती’ चव आलीच नाही.” सॅलड ड्रेसिंगबद्दल वाचक विचारतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा हीच असते. कुणाला कॅफेतलं सिझर हवं असतं, कुणाला जपानी रेस्तराँमधलं तिळाचं, अमेरिकेहून कुणी रँचबद्दल विचारतं. आणि पुढचा प्रश्न ठरलेला: “ते लोक त्यात नेमकं काय घालतात?”

या प्रश्नामुळेच लोक भलत्या वाटेला लागतात. एखादी गुप्त बाटली, एखादा अप्राप्य मसाला शोधत बसतात. माझं मत असं, की दहातल्या आठ वेळा जिन्नस बरोबरच असतात. चुकलेलं असतं ते मीठ, आंबट, गोड आणि तेल यांचं प्रमाण, नाहीतर ड्रेसिंगचा दाटपणा. म्हणून आधी ड्रेसिंगचा पाया ओळखा, मग प्रमाण जुळवा आणि खास चवीच्या वस्तूंकडे सगळ्यांत शेवटी वळा. हा लेख त्याच क्रमाने जातो.

पहिलं काम हॉटेलातच

घरी येऊन आठवणीवर काम करू नका. चवीची आठवण फार लवकर पुसट होते, आणि भुकेच्या वेळी खाल्लेलं सगळंच उत्तम लागतं.

- ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागवा. पानांना लावलेल्या ड्रेसिंगची चव पानं, चीज, ब्रेडचे तुकडे यांत मिसळते. “ड्रेसिंग बाजूला द्या” एवढं सांगितलं की पुरतं.
- आधी नुसतं चमच्याने चाखा, मग एका पानाला लावून. जिभेला पहिलं काय लागलं, मधे काय आणि गिळल्यावर काय उरलं, ते तिथल्या तिथे फोनवर लिहून ठेवा. “आधी गोड, मग आंबट, शेवटी नाकात मोहरी” इतकं लिहिलंत तरी घरी अर्धं काम झालेलं असतं.
- वाढणाऱ्याला मोघम “यात काय आहे?” विचारू नका, उत्तरही मोघमच येईल. नेमकं विचारा: अंडं आहे का? दही आहे की मेयॉनीज? मोहरी आहे का? इथे बनवता की तयार बाटली येते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत उपयोगी. मात्र शनिवारी रात्री नऊ वाजता विचारू नका. दुपारी चारला गेलात तर कधी कधी आतून स्वयंपाकीच बाहेर येतो आणि हौसेने सांगतो.
- शक्य असेल तर एक वाटी जास्तीचं ड्रेसिंग पैसे देऊन पार्सल घ्या, सरळ घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. समोर नमुना असेल तर जुळवणी एका संध्याकाळीही होते. नमुना नसेल तर महिनाभर अंदाज बांधत बसाल.

पाया कसा ओळखायचा

पार्सल आणलेल्या ड्रेसिंगचे दोन चमचे काचेच्या छोट्या ग्लासात घाला आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग नीट बघा.

*तेल वर आलं, आंबट पाणी खाली बसलं:* हे तेल-व्हिनेगरचं साधं ड्रेसिंग, म्हणजे व्हिनेग्रेट. घरी करायला सगळ्यांत सोपं.

*काहीच वेगळं झालं नाही, पांढरट आणि जाड आहे, चमच्याला धरून राहतं:* पाया मेयॉनीजचा. सिझर, थाउजंड आयलंड आणि बहुतेक ‘क्रीमी’ म्हणवणारी ड्रेसिंगं यात येतात.

*पांढरं आहे, पण कडेला किंचित निवळ पाणी सुटलंय आणि आंबटपणा मऊ आहे:* दही, ताक किंवा आंबवलेली साय. आपल्या जिभेला हे पटकन ओळखू येतं.

*रंग तपकिरी, जिभेवर बारीक रवाळपणा:* तीळ, शेंगदाणा किंवा काजू वाटलेला.

*काहीच वेगळं झालं नाही, पण मेयॉनीजचा स्निग्धपणाही नाही, उलट एक गुळगुळीत बुळबुळीतपणा आहे:* हे बहुधा बाटलीतलं. तयार ड्रेसिंगमध्ये सहसा झँथन गम असतो, लेबलवर तो ‘आयएनएस ४१५’ असा दिसतो. घरी तोच पोत हवा असेल तर कपभर ड्रेसिंगला छोट्या चमच्याचा पाव भाग पावडर पुरते. ती आधी तेलात कालवा आणि मग बाकीच्यात घाला. थेट पाण्यात टाकलीत तर गुठळ्या होतील. जास्त झाली तर ड्रेसिंगला तार येते आणि ते कुणालाच खाववत नाही.

हॉटेल बाटलीतलंच वापरतं असं कळलं, तर वाईट वाटून घेऊ नका. बाटलीमागची घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते: पहिलं नाव सगळ्यांत जास्त, शेवटचं सगळ्यांत कमी. साखर तिसरी आहे की आठवी, एवढं पाहिलं तरी गोडाचा अंदाज येतो.

१०० ग्रॅमचा हिशेब

वाटी-चमच्याने भाजी होते, आमटी होते. चव जुळवायची असेल तर मात्र ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा हवा. दर वेळी बरोबर १०० ग्रॅम ड्रेसिंग करायचं, म्हणजे प्रत्येक ग्रॅम हाच टक्का होतो आणि वेगळं गणित करावं लागत नाही. शिवाय बिघडलं तर नुकसानही थोडंच.

साध्या व्हिनेग्रेटसाठी सुरुवात अशी करा: तेल ६५ ग्रॅम, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस २५, मोहरीची पेस्ट ५, मध किंवा साखर ३, मीठ दीड ते दोन. फ्रेंच पद्धतीत तेल आंबटाच्या तिप्पट सांगतात. कोशिंबिरीवर वाढलेल्या आपल्या जिभेला ते तेलकट लागतं, म्हणून मी आंबट थोडं जास्तच धरते.

मिठाचा आकडा नीट लक्षात ठेवा. पानांना स्वतःची चव जवळजवळ नसते, त्यामुळे नुसतं चाखताना ‘जरा खारट’ वाटणारं ड्रेसिंग पानांवर बरोबर लागतं. चमच्यावर बरोबर लागलेलं पानांवर आळणी होतं. घरचं ड्रेसिंग मिळमिळीत लागण्याचं हे पहिलं कारण.

आणि मीठ, साखर नेहमी आंबटात आधी विरघळवा, तेल नंतर. तेलात मीठ विरघळत नाही. ते तळाशी बसतं आणि शेवटच्या घासाला जिभेवर येतं.

चार वाट्यांची चाचणी

नमुना शेजारी ठेवा. दोन्ही ड्रेसिंगं सारखीच थंड हवीत, कारण थंड पदार्थात गोड कमी जाणवतं. तुमच्या ड्रेसिंगचे चार भाग करा. एकात चिमूटभर मीठ, दुसऱ्यात काही थेंब लिंबू, तिसऱ्यात चिमूटभर साखर, चौथ्यात सोया सॉसचे दोन थेंब. प्रत्येक भाग नमुन्याशेजारी काकडीच्या कापाला लावून चाखा. जो जवळ जाईल तोच बदल उरलेल्या सगळ्यात करा, आणि पुन्हा चार भाग.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढाच नियम. लोक एकदम मध, मिरपूड आणि लसूण वाढवतात आणि कशामुळे काय झालं ते कळेनासं होतं.

चौथ्या वाटीने फरक पडला, तर हॉटेलात अजिनोमोटो, सोया, पार्मेझान किंवा वूस्टरशर सॉसपैकी काहीतरी आहे असं समजा. या सगळ्यांत ग्लुटामेट असतं. भरलेली, लांबत राहणारी जी चव शब्दांत सांगता येत नाही, ती याची. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ती कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रश्शातून वेगळी ओळखली. १०० ग्रॅमला दोन चिमटी अजिनोमोटो भरपूर होतो. घालायचा की नाही, ते तुमच्या घरचं धोरण. पण तो असलेली चव त्याच्याशिवाय हुबेहूब जुळवायचा हट्ट धरलात तर दमाल.

सिझर: सगळ्यांत जास्त विचारलं जाणारं

हे सॅलड मुळात हॉटेलातलंच. मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात सिझर कार्दिनी नावाच्या इटालियन हॉटेलवाल्याने १९२४ मध्ये ते पहिल्यांदा केलं, असं मानलं जातं. त्यात रोमेन लेट्यूसची पानं, लसूण, जेमतेम गरम केलेलं अंडं, लिंबू, ऑलिव्ह तेल, पार्मेझान आणि वूस्टरशर सॉस होता. अँकोव्ही मासळी थेट घातलेली नव्हती. तिची चव वूस्टरशर सॉसमधून येत होती, कारण त्या सॉसमध्ये अँकोव्ही असते.

आपल्याकडच्या बहुतेक कॅफेत या मूळ प्रकाराशी फारसं नातं नसलेलं ड्रेसिंग येतं: बिनअंड्याचं मेयॉनीज, लसूण, चीज आणि मिरपूड. तुम्हाला आवडलेलं कोणतं, ते आधी ठरवा. कॅफेतली चव आवडलेली असताना मूळ पद्धतीचं करायला गेलात, तर ते कितीही उत्तम झालं तरी घरचे म्हणतील, “ते नाही हे.”

कॅफेतल्यासारखं हवं असेल तर: बिनअंड्याचं तयार मेयॉनीज १०० ग्रॅम, लिंबाचा रस २ छोटे चमचे, दिजॉं मोहरी १ छोटा चमचा, लसणाची एक लहान पाकळी, किसलेलं पार्मेझान १५ ग्रॅम, भरडसर मिरपूड अर्धा छोटा चमचा आणि सारखं करायला एक-दोन चमचे थंड दूध. आपल्याकडची बिनअंड्याची मेयॉनीजं बहुधा गोडसर असतात. त्यामुळे साखर किंवा मध अजिबात घालू नका, गरज पडली तर लिंबूच वाढवा. मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण मेयॉनीज आणि चीज दोन्हींत ते आहेच.

घरीच सगळं करायचं असेल तर, तेही अंड्याशिवाय:

१. उभ्या, अरुंद भांड्यात ५० मिलिलिटर सायीसकट थंड दूध घ्या. त्यात लसूण, मोहरी आणि चिमूटभर मीठ घाला.
२. वरून १०० मिलिलिटर सूर्यफुलाचं किंवा राइस ब्रानचं रिफाइंड तेल ओता.
३. हँड ब्लेंडर तळाशी टेकवून सुरू करा आणि दहा-पंधरा सेकंद हलवू नका. खालून पांढरं घट्ट व्हायला लागलं की सावकाश वर उचला.
४. आता एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला. मिश्रण आणखी दाटेल. लिंबू आधी घातलंत तर दूध फाटेल.
५. चीज आणि मिरपूड चमच्याने मिसळा. पळीवाढं होईल इतपत दूध किंवा पाणी घाला.

दुधातली प्रथिनं तेलाच्या थेंबांना धरून ठेवतात, म्हणून हे जमतं. तेल सुटलंच तर फेकू नका. स्वच्छ भांड्यात दोन चमचे थंड दूध घेऊन ब्लेंडर चालवत राहा आणि फुटलेलं मिश्रण त्यात थोडं थोडं घाला, पुन्हा जुळतं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ब्लेंडरमध्ये फिरवू नका, ते कडवट होऊ शकतं. त्याचा वास हवा असेल तर शेवटी एखादा चमचा हाताने कालवा. घाण्याचं शेंगदाणा तेल चांगलंच, पण इथे नको; सगळ्यावर तेच बसेल.

शाकाहारी वाचकांनी तीन ठिकाणी लेबल पाहावं. वूस्टरशर सॉस हे पहिलं. हिरवा ठिपका असेल तरच घ्या. चीज हे दुसरं. इटलीतलं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध साकळवणाऱ्या विकराशिवाय) बनतच नाही, तो त्याच्या नियमाचाच भाग आहे. ‘मायक्रोबियल रेनेट’ लिहिलेलं, पार्मेझानच्या धर्तीचं चीज शोधा. तिसरं अर्थात मेयॉनीज. वूस्टरशरच्या जागी छोटा चमचाभर खारवलेली केपर ठेचून, तिच्या बरणीतल्या पाण्याचे काही थेंब आणि अर्धा छोटा चमचा सोया सॉस घातला तर चव पुष्कळ जवळ जाते.

मासे खाणाऱ्यांनी तेलात ठेवलेल्या अँकोव्हीचे दोन तुकडे सुरीच्या पात्याने चेचून घालावेत. कोकणातल्या एखाद्या हुशार वाचकाच्या मनात येईल, की आपली मांदेली तर त्याच कुळातली. कुळ खरंच तेच आहे, पण ताजी किंवा सुकी मांदेली घालून हे साधणार नाही. बरणीतली अँकोव्ही मिठात महिनोन्‌महिने मुरलेली असते, आणि मुरण्यातूनच ती चव येते.

तिळाचं जपानी ड्रेसिंग

जवळजवळ सगळ्यांचं इथे एकाच जागी फसतं, ते म्हणजे तेल. आपल्या दुकानातलं घाण्याचं तिळाचं तेल बहुधा न भाजलेल्या तिळाचं, फिकं आणि सौम्य असतं. जपानी, कोरियन किंवा चिनी स्वयंपाकात सुवासासाठी जे वापरतात ते भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. गडद तेलाची छोटी बाटली आणा; १०० ग्रॅमला अर्धा-पाऊण छोटा चमचाच लागतो, म्हणून ती दीर्घकाळ पुरते.

बाकी काम मराठी घराला नवं नाही. २० ग्रॅम पांढरे तीळ मंद आंचेवर बदामी होईपर्यंत भाजा. संक्रांतीच्या लाडवाला भाजता त्याहून एक पायरी पुढे, पण काळपट नको. गार झाल्यावर ८ ग्रॅम साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. निम्मे भरड राहिले पाहिजेत. तेल सुटेपर्यंत वाटलंत तर रवाळपणा जातो. मग ३५ ग्रॅम मेयॉनीज, १५ मिलिलिटर सोया सॉस, १५ मिलिलिटर राइस व्हिनेगर, गडद तेल आणि लागेल तसं पाणी. सोया सॉस पुरेसा खारट असतो, वेगळं मीठ लागत नाही. राइस व्हिनेगर नसेल तर साध्या व्हिनेगरच्या दोन भागांत एक भाग पाणी आणि चिमूटभर साखर. किंचित फरक राहील.

रँच, हनी-मस्टर्ड, थाउजंड आयलंड

रँचबद्दल अमेरिकेतल्या वाचकांना एकच सांगते: ताज्या कोथिंबिरीने आणि ताज्या लसणाने ती चव येणार नाही. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ स्टीव्ह हेन्सन यांच्या ‘हिडन व्हॅली’ रँचवर हे ड्रेसिंग १९५० च्या दशकात लोकप्रिय झालं. पुढे त्याचा कोरडा मसाला पाकिटांतून विकला जाऊ लागला. घरी मेयॉनीज आणि बटरमिल्क घालून कालवायचा. तेव्हा लसणाची पावडर, कांद्याची पावडर, वाळलेली पार्सली आणि शेपू हीच तिथली खरी चव. भारतात करताना बटरमिल्कऐवजी आपलं पातळ ताक नको. घट्ट आंबट दही रवीने घुसळून, अगदी थोडं पाणी घालून वापरा.

हनी-मस्टर्डचं रहस्य बहुतेक वेळा इतकंच, की त्यात थोडं मेयॉनीज असतं. आणि तो पिवळा रंग अमेरिकी मोहरीतल्या हळदीचा.

थाउजंड आयलंड म्हणजे मेयॉनीज, केचप आणि बारीक चिरलेली व्हिनेगरातली काकडी. यावर जास्त डोकं चालवू नये.

नेहमीच्या फसगती

*व्हिनेगर.* किराण्यातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुधा ॲसेटिक ॲसिड पातळ करून केलेलं असतं, आणि तसं लेबलवर ‘सिंथेटिक’ म्हणून छापावंच लागतं. लोणच्याला ठीक, पण ड्रेसिंगमध्ये त्याचा उग्र वास नाकात जातो. सफरचंदाचं किंवा वाइनचं व्हिनेगर घ्या. गोव्यात ओळखपाळख असेल तर माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळवा. हॉटेलची नक्कल त्याने होणार नाही, कदाचित हॉटेलपेक्षा बरं काहीतरी होईल.

*मोहरी.* दिजॉं मिळाली नाही तर घरची फेसलेली मोहरी चालते, पण निम्म्या प्रमाणात, कारण आपली मोहरी जहाल असते. फेसताना गार पाणी घ्या, दहा मिनिटं थांबा आणि मगच व्हिनेगर घाला. मोहरीचा झणका पाणी लागल्यावर तयार होतो आणि आंबटाने तो तिथेच थांबतो. व्हिनेगर आधी घातलंत तर झणका चढतच नाही, गरम पाणी घेतलंत तरी तेच.

*लसूण.* कच्चा लसूण ड्रेसिंगमध्ये तासातासाला उग्र होत जातो. तो किसून आधी लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा, मग बाकीच्यात मिसळा. बराच मवाळ होतो. नमुन्यातला लसूण गोडसर लागत असेल तर हॉटेलात तो भाजून घातलेला आहे.

*ओली पानं.* आणि ही सगळ्यांत मोठी. ड्रेसिंग अगदी जुळलेलं असतं, पण पानांवर पाणी असतं. पाण्यावर तेल धरत नाही, ते घसरून ताटलीत जातं आणि तुम्ही बिचाऱ्या ड्रेसिंगला दोष देता. पानं बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, निथळा, सुती पंचात सैल गुंडाळून गॅलरीत दोन-चार झटके द्या आणि पंचासकट फ्रिजमध्ये ठेवा. १०० ग्रॅम पानांना ३० ते ४० ग्रॅम ड्रेसिंग पुरतं, तेही ताट समोर आल्यावर. काकडी, टोमॅटो असतील तर ते वेगळे ठेवा. कोशिंबिरीला मिठाने पाणी सुटतं तसं इथेही सुटतं. कोशिंबिरीत ते खपतं, सिझरमध्ये नाही.

अंडं घालायचं असेल, साठवायचं असेल

इथे चवीपेक्षा सावधगिरी मोठी. कच्च्या अंड्याच्या मेयॉनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये विक्रीबंदी घातली. शेवटच्या दोन बंदी वर्षभरासाठी होत्या. कारण साल्मोनेलासारखे जंतू आणि त्यांतून होणारी विषबाधा. लिंबू पिळल्याने ते मरतात असं समजू नका. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि आजारी माणसं घरात असतील तर कच्चं अंडं टाळाच. अंडं हवंच असेल तर पिवळा बलक, एक चमचा लिंबाचा रस आणि दोन चमचे पाणी एकत्र करून उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यात सतत ढवळत ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापवा, लगेच गार करा आणि मग तेल घाला. स्वयंपाकाचा थर्मामीटर नसेल तर दुधाचा प्रकार बरा.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला, तर हवा न लागणाऱ्या त्या जागेत बॉट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. त्याला वास येत नाही आणि चवीतही कळत नाही. कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्तराँमध्ये १९८५ मध्ये याच कारणाने अनेकांना बाधा झाली होती. लसूणतेलाची सुंदर बाटली ओट्यावर शोभेला ठेवू नका.

साठवणीचा अंदाज असा धरा, सगळं फ्रिजमध्येच:

- कच्चा लसूण असलेलं कोणतंही ड्रेसिंग, तसंच दूध किंवा दह्याचं: तीन-चार दिवस.
- लसूण नसलेलं, व्हिनेगरचं व्हिनेग्रेट: आठवडा-दीड आठवडा. लिंबाचा वास मात्र दुसऱ्या दिवशीच उतरतो.
- टेबलावर जास्तीत जास्त दोन तास. वैशाखात, पारा ३२ अंशांच्या वर असताना, एकच तास.
- दिवसभर वीज नसेल तर दुधाचं ड्रेसिंग टाकून द्या, चाखून बघू नका.

विचारण्याचा हक्क आणि त्याची हद्द

ज्या हॉटेलांकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा वा अधिक ठिकाणी शाखा आहेत, त्यांना एफएसएसएआय या भारतीय अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार मेनूवर पदार्थांच्या कॅलरी, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती द्यावी लागते. या घटकांच्या यादीत दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, कवचाची फळं, सोयाबीन आणि ग्लुटेन आहेत. तीळ आणि मोहरी मात्र नाहीत. घरात कुणाला तिळाची किंवा मोहरीची ॲलर्जी असेल, तर मेनूवर भिस्त न ठेवता स्पष्ट विचारा आणि खात्रीचं उत्तर मिळालं नाही तर तो पदार्थ सोडा. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटबंद पदार्थांवर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे.

पूर्ण कृती सांगणं कुणावरही बंधनकारक नाही. “आमची खास आहे” असं उत्तर आलं तर हसून पुढे जा. चव ओळखून घरी करणं, मैत्रिणीला शिकवणं, वहीत लिहून ठेवणं यात गैर काहीच नाही. घटकांच्या नुसत्या यादीवर सहसा कुणाची मालकी नसते. पण एखाद्या पुस्तकातला मजकूर आणि छायाचित्रं जशीच्या तशी उचलून आपल्या नावावर छापणं वेगळं, तिथे कॉपीराइट लागू होतो.

आणि जमलंय म्हणून सोसायटीत बाटल्या विकायचा विचार असेल, तर दोन गोष्टी. घरातून विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि तो क्रमांक बाटलीवर छापावा लागतो; सोबत घटक, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं तेही. आणि बाटलीवर ‘अमुक कॅफे स्टाइल’ असं त्या कॅफेचं नाव घालू नका. नाव नोंदवलेलं असेल तर ट्रेडमार्कचा दावा येऊ शकतो. ‘तिळाचं ड्रेसिंग’ एवढंच लिहिलं तरी बाटली विकली जाते.